टोल गेला, पण बिल कुणी भरलं?

कुणी भाकऱ्या थापत ऐकत असेल, कुणी गोठ्यात धार काढत. हाताला काम असू द्या, कान तेवढे इकडं द्या.

गेल्या दोन-तीन महिन्यांत ज्या ज्या गावात गटाच्या बैठकीला गेले, तिथं बचत आणि हप्ता झाला की विषय यायचा रस्त्याचा. एका गटातल्या काकूंनी तर मला उभंच केलं. म्हणाल्या, "ताई, रस्त्याला एवढे कोटी मंजूर झाले म्हणून फाट्यावर बोर्ड लागला. बोर्डावरचा रंग उडाला, पण खडीचा एक डंपर आला न्हाई. मग पैसं गेलं कुठं?" हा प्रश्न साधा नाही. आजचं बोलणं त्यावरच आहे. रस्त्यासाठी येणारा पैसा कुठून येतो, कुठं गळतो आणि आपण बायकांनी त्याची राखण कशी करायची.

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकूया. रस्ता "सरकारनं दिला" किंवा "अमक्या साहेबांनी दिला" असं आपण सहज म्हणतो. पण पेट्रोल-डिझेलच्या प्रत्येक लिटरमागं केंद्र सरकार रस्त्यांसाठी उपकर घेतं. त्यासाठी २००० सालचा कायदाच आहे, केंद्रीय रस्ते निधीचा. तुम्ही म्हणाल, माझ्याकडं कुठं गाडी आहे? गाडी नसली तरी दुधाचा टेम्पो आहे, उसाचा ट्रॅक्टर आहे, बाजाराला जायची वडाप आहे. त्यांच्या डिझेलचा पैसा तुमच्या दुधाच्या दरातून आणि तुमच्या तिकिटातून जातो. रस्ता कर्जातून झाला तरी तेच. २०१९ साली आपल्या राज्यातल्या ३४ जिल्ह्यांमधल्या २,१०० किलोमीटर ग्रामीण रस्त्यांसाठी आशियाई विकास बँकेकडून २० कोटी डॉलरचं कर्ज घेतलं गेलं. कर्ज म्हटल्यावर त्याची फेड आली, आणि फेड म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता कोल्हापूरचीच गोष्ट घेऊ. तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी ती डोळ्यांनी पाहिली आहे, काही जणी मोर्चात चाललेल्या आहेत. टोलचं आंदोलन.

२००८ च्या सुमारास कोल्हापूर महानगरपालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि एक खासगी कंपनी यांच्यात करार झाला. शहरातले सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते कंपनीनं स्वतःच्या पैशानं सुधारायचे, आणि ३० वर्षं टोल घेऊन तो पैसा वसूल करायचा. कामाचा आकडा होता २२० कोटींचा. शिवाय टेंबलाईवाडीची मोक्याची जागा कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाड्यानं द्यायची असंही त्यात होतं. करार झाला तेव्हा गावात त्याची फारशी चर्चा झाली नाही. महापालिकेला पदरचा पैसा न घालता रस्ते मिळताहेत, मग वाईट काय? फुकटात मिळतंय असं वाटलं की माणूस कागद वाचत नाही. बचत गटात आपण नव्या बाईला पहिला धडा काय देतो? सही करायच्या आधी वाच, वाचता येत नसेल तर वाचून घे.

मग रस्ते उकरले गेले. काही चांगले झाले, ते नाकारायचं कारण नाही. पण कुठं गटार अर्धं, कुठं पदपथ गायब, कुठं पाण्याची पाइप रस्त्याखालीच राहिलेली, अशा तक्रारी सुरू झाल्या. आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये शहराच्या वेशीवर नाक्यांवर टोल सुरू झाला. शिरोलीकडून या, फुलेवाडीकडून या नाहीतर कळंब्याकडून, नाका आहेच. म्हणजे तो टोल शहराचा म्हणून ओळखला गेला, पण नाक्यावर थांबावं लागत होतं ते खेड्यातून येणाऱ्या गाडीलाच. भाजी घेऊन येणारी गाडी, दवाखान्याला येणारी गाडी.

लोक उठले. सर्वपक्षीय कृती समिती झाली. ऐंशी ओलांडलेले प्राध्यापक एन. डी. पाटील उन्हातान्हात पुढं चालले. कॉम्रेड गोविंद पानसरे कराराचे कागद घेऊन सभांमधून बोलायचे, कलम कलम सोडवून सांगायचे. बायका मोठ्या संख्येनं मोर्चात आल्या. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटलेसुद्धा. ते मला पटलेलं नाही, पण लोकांचा राग किती होता ते त्यातून कळलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, टोल थांबला, परत सुरू झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरे आण्णांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते गेले. टोल रद्द झालेला पाहायला ते राहिले नाहीत. २०१५ च्या डिसेंबरात टोल रद्द झाल्याची घोषणा झाली, २०१६ च्या सुरुवातीला आदेश निघाला. गावागावांत साखर वाटली.

आपण जिंकलो, आणि ते जिंकणं लहान नव्हतं. पण साखर वाटून झाल्यावरची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. टोल रद्द केला म्हणजे कंपनीचे पैसे तर द्यायचे होते. ते किती, यावर पुष्कळ घोळ झाला. कोणतं काम खरंच झालं, किती झालं, कसं झालं, याचं फेरमूल्यांकन सरकारला नव्यानं करून घ्यावं लागलं. आणि शेवटी चारशे कोटींच्या पुढची रक्कम सरकारी तिजोरीतून द्यायचं ठरलं. २२० कोटींचं काम! तिजोरी कुणाची? आपलीच. म्हणजे नाक्यावर जे द्यायचं वाचलं, ते दुसऱ्या खिशातून गेलंच.

मला वाटतं, टोलच्या लढ्यातून हेच शिकायचं आहे. जो हिशोब करारावर सही होताना आणि काम चालू असताना करायचा, तो सात वर्षांनी केला तर जिंकूनही पैसे भरावे लागतात. मोर्चा हा शेवटचा उपाय आहे. त्याच्या कितीतरी आधी वही-पेन घेऊन बसायचं असतं, आणि ते काम आपल्याइतकं कुणाला जमतं? आपल्या गटाच्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्रच आहे, नियमित लेखे ठेवणं. चाळीस रुपयांचा फरक आला तर रात्री दहापर्यंत बसून तो शोधणाऱ्या आपण. कोटींचे आकडे म्हणजे पुढं जास्त शून्यं, एवढंच.

आता काकूंच्या बोर्डाकडं येऊ. "मंजूर" हा शब्द फार फसवा आहे. कामाला प्रशासकीय मान्यता मिळाली की बोर्ड लागतो. पण मान्यता म्हणजे पैसा नाही. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्या कामासाठी प्रत्यक्ष किती ठेवले, त्याला तरतूद म्हणतात. समजा पाच कोटींचं काम मंजूर आहे आणि यंदाची तरतूद वीस लाख आहे, तर ते काम किती सरकेल? आपल्या गटात एखादीचं पन्नास हजारांचं कर्ज मंजूर केलं आणि शिल्लक दोन हजार असली तर तिनं म्हैस आणायची का? २०२५ मध्ये राज्यभरच्या कंत्राटदारांनी थकलेल्या बिलांसाठी आंदोलनं केली, ती याच दुखण्यातून. कंत्राटदार म्हटला की आपण लगेच चोर म्हणतो. पण केलेल्या कामाचं बिल वर्ष वर्ष मिळत नसेल तर छोटा कंत्राटदार बुडतो, आणि त्याच्याकडं रोजानं जाणाऱ्या आपल्याच बायकांचा पगार अडकतो. म्हणून पुढारी गावात आले की "रस्ता मंजूर करा" म्हणू नका. "यंदाची तरतूद किती?" हे विचारा. एवढ्या एका प्रश्नानं माणूस खुर्चीत सरळ बसतो, मी पाहिलंय.

दुसरी गळती मार्चअखेरची. ३१ मार्चला वर्ष संपतं, खर्च न झालेला निधी परत जायची भीती असते. मग सगळं वर्ष सुस्त आणि मार्चमध्ये रात्री लाइट लावून डांबर. घाईत खालचा थर नीट दाबला जात नाही, आणि आपल्या राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडं जूनमध्ये पाऊस काय कोसळतो ते तुम्हाला ठाऊक आहे. डांबराचा वैरी पाणी. बाजूला गटार नसेल, साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच असेल, तर पाणी रस्त्यावरच उभं राहतं आणि कितीही चांगलं डांबर उखडतं. त्यात वरून उसाच्या ट्रॉल्या. त्यामुळं नुसतं काळंभोर दिसलं म्हणून खूश होऊ नका, पाणी कुठून जाणार ते बघा.

तिसरी गळती जाडीची, आणि ही तर आपण घरच्या पट्टीनं मोजू शकतो. गावच्या रस्त्यावर शेवटचा जो थर टाकतात, ज्याला सगळे कारपेट म्हणतात, तो पुष्कळ कामांत २० मिलिमीटरचा असतो. साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढा. रस्ता असतो पावणेचार मीटर रुंद. आता हिशोब घाला. एक किलोमीटरला ७५ घनमीटर माल लागतो. जाडी २० ऐवजी १५ मिलिमीटर केली तर? डोळ्याला काही कळत नाही. पण पाऊणपट मालात काम भागलं, जवळजवळ १९ घनमीटर वाचले, म्हणजे साडेसहा ब्रासच्या वर. पाच किलोमीटरच्या रस्त्याला ३३ ब्रास. घर बांधलेल्या बाईला ब्रास म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बिल मात्र पूर्ण जाडीचं निघतं. या बिलाचं मूळ कुठं असतं, तर मोजमाप पुस्तकात. कामावर असलेला अभियंता त्यात लांबी-रुंदी-जाडी लिहितो, वरचे साहेब तपासतात, आणि त्या पानावरून पैसे सुटतात. आपल्या गटाचं जसं रोकड पुस्तक, तसं ते रस्त्याचं.

आमच्या भागातल्या एका गटानं हे करून बघितलं. गावाचं नाव घेत नाही, कारण पुढचं ऐकलं की कळेल. काम चालू असताना पाच जणी रोज संध्याकाळी फिरायला म्हणून रस्त्यानं जायच्या. एकीच्या पिशवीत मुलाची कंपासपेटीतली पट्टी. कडेला जिथं थर उघडा दिसतो तिथं मोजायचं, आणि तारीख घालून बैठकीच्या वहीत लिहायचं. आठ दिवसांची नोंद झाली, मग ठराव केला आणि अर्ज दिला. साहेब आले, त्यांनी स्वतः मोजलं. साधारण दोनशे मीटरचा थर परत केला गेला, साइडपट्टीला मुरूम पडला. सगळा रस्ता परत झाला नाही. काही भाग तसाच राहिला आणि तो पहिल्याच पावसात गेला.

पण त्याची किंमतही सांगते. त्या कामावरचा रोलर चालवणारा पोरगा गटातल्याच एकीचा पुतण्या होता. त्याचे काही दिवसांचे रोज बुडाले. ती दोन महिने बैठकीला आली नाही. घरच्यांनी एकदोघींना सुनावलं, "बाईमाणसाला रस्त्यातलं काय कळतंय? उद्या याच लोकांकडं काम मागायला जायचंय." हे असं होतं. गावात कंत्राटदार परका नसतो, कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी जावई असतो. म्हणून एकटीनं पुढं होऊ नका, आणि माणसाशी भांडू नका. जाडी किती, एवढंच विचारा. पट्टी कुणाची भावकी बघत नाही. ती रुसलेली मैत्रीण परत आली, ते मात्र गटातल्या दोघी तिच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या म्हणून, रस्त्याचं काही समजावून सांगितलं म्हणून नाही.

काम संपलं की राखण संपली असं नाही. रस्ता पूर्ण झाल्यावर ठरावीक वर्षं त्यात दोष निघाला तर कंत्राटदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो. त्याला दोष दायित्व कालावधी म्हणतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याला हा काळ पाच वर्षांचा असतो. इतर रस्त्यांचा काळ करारात लिहिलेला असतो. आता होतं काय, की तिसऱ्या वर्षी खड्डे पडतात, गाव आमदारांकडं निवेदन नेतं, आणि त्याच रस्त्याला दुरुस्तीसाठी नवा निधी पडतो. जे काम फुकट करून घ्यायचं होतं त्याला पुन्हा पैसे! आणि तो निधी पडतो म्हणजे शेजारच्या वाडीचा रस्ता मागं राहतो. त्या वाडीला एसटी जात नाही. मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे, शाळेच्या पोरींना मोफत पास आहे, पण खड्ड्यांमुळं गाडीच येत नसेल तर तो पास घेऊन पोरगी जाणार कशी? आठवीनंतर शाळा सुटलेल्या मुलींची घरं मी फिरते. "लांब पडतंय" एवढंच आई सांगते. रस्त्याचा पैसा गळतो तो शेवटी त्या घरात जाणवतो.

मोठ्या महामार्गाचंही दोन शब्द. २०१९ ला आणि २०२१ ला महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला. २०१९ ला तर कितीतरी दिवस ट्रकांच्या रांगा उभ्या होत्या, दूध ओतावं लागलं, गॅसच्या टाक्या आल्या नाहीत. तेव्हापासून नदीकाठची गावं मागतायत की मातीचे भराव घालू नका, खांबांवर पूल करा, म्हणजे पाण्याला वाट राहील. आता रस्ता रुंद होताना पैसा भरावावर पडतो की खांबांवर, हाही पैशाच्या राखणीचाच प्रश्न आहे. भराव स्वस्त दिसतो. पण पुढच्या पुरात पडलेल्या घरांचा खर्च त्या अंदाजपत्रकात धरलेला नसतो. शक्तिपीठ महामार्गाबद्दल बोला असं काही जणींनी कळवलं होतं. तो विषय जमिनीचा आहे, मोठा आहे, पाच मिनिटांत उरकण्यासारखा नाही. त्यासाठी वेगळं बसू.

बरं, रस्ता कुणाचा ते कसं ओळखायचं? मैलाचा दगड बघा. वरचा भाग पिवळा तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवा तर राज्य मार्ग. काळा किंवा निळा असेल तर जिल्ह्याचा रस्ता. नारिंगी असेल तर गावाचा रस्ता. राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडं जायचं, गावचा रस्ता असेल तर बहुतेक वेळा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडं किंवा ग्रामसडक योजनेच्या कार्यालयात. चुकीच्या कचेरीत गेलो की "हे आमच्याकडं येत नाही" ऐकून दिवस आणि भाडं दोन्ही जातं.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. पुष्कळ गावांत ती कागदावर होते, सह्या घरी येतात. अशी सही देऊ नका. सभा मागा, आणि तिथं रस्त्याचा ठराव लिहून घ्या, म्हणजे तो ग्रामसभेपुढं जातो. तक्रार असेल तर कलेक्टर कचेरीतला लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो.

आणि आता पेन घ्या. माहितीच्या अधिकाराचा अर्ज सांगते, सावकाश सांगते, लिहून घ्या. वर लिहा: प्रति, जन माहिती अधिकारी, आणि कार्यालयाचं नाव. विषय: अमुक गाव ते अमुक गाव रस्ता सुधारणा कामाची माहिती. खाली: या कामाच्या पुढील कागदांच्या प्रती मिळाव्यात. एक, मंजूर अंदाजपत्रक. दोन, कार्यारंभ आदेश. तीन, मोजमाप पुस्तकातली या कामाची पानं. चार, आजपर्यंत दिलेली बिलं. पाच, साहित्याच्या चाचणीचे अहवाल. सहा, दोष दायित्व कालावधी कोणत्या तारखेला संपतो. आणि शेवटी एक ओळ: मला या कामाची पाहणी करायची आहे व साहित्याचा प्रमाणित नमुना हवा आहे. हो, नमुनाही मागता येतो, कायद्याच्या दुसऱ्याच कलमात तसं लिहिलं आहे. फार थोड्या लोकांना हे ठाऊक असतं.

अर्जात एकच विषय ठेवा आणि दीडशे शब्दांच्या पुढं जाऊ नका. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाही, दाखल्याची प्रत जोडायची. अर्ज गटाच्या नावानं देऊ नका, एका बाईच्या नावानं द्या, कारण हा अधिकार नागरिकाला आहे. ती बाई कोण, हे मात्र गटानं बसून ठरवायचं, आणि शक्यतो जिच्या घरात कंत्राटाचं कुणी नाही अशी. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं, किंवा अर्धवट आलं, तर त्यापुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्यांकडं पहिलं अपील. तिथंही नाही भागलं तर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोग, आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ.

अर्ज देताना दुसरी प्रत जवळ ठेवा आणि तिच्यावर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ती पोच गटाच्या फाइलीत लावा. तिसाव्या दिवशी कचेरीत कोण दोघी जाणार आणि त्यांचं एसटीचं भाडं कुठून द्यायचं, तेही त्याच बैठकीत वहीत लिहून ठेवा.